खालचा फुटवा

आत्याने आयुष्यात तीसेक हजार गुलाबांची कलमं बांधली असतील. रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या रंगाचा गुलाब बसवायचा, पट्टी गुंडाळायची आणि महिनाभर वाट बघायची. तिचं कलम मेलं असं म्हणायची संधी तिने नर्सरीच्या मालकाला फारशी दिली नाही. घरात मात्र तिच्या कामाला ‘आत्याचं मातीतलं काहीतरी’ म्हणत. सातवीत शाळा सोडलेल्या बाईचं आणखी कोण काय कौतुक करणार!

कौतुक व्हायचं ते भाचीचं. तिने जादूच्या राज्याची जाडजूड कादंबरी लिहिली होती, म्हणून आत्या तिला लेखिकाबाई म्हणायची. त्या लेखिकाबाई आज नर्सरीच्या शेडमध्ये तोंड पाडून बसल्या होत्या. प्रकाशकाने कादंबरी परत पाठवली होती. राजा, राज्य, लढाया सगळं त्याला आवडलं होतं; पण ज्याच्यावर गोष्ट उभी, ते बोलणारं झाडच पटत नव्हतं. महिन्याभरात सुधारलं तर छापू, नाहीतर विसरा. चार वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

आत्याने तिला वाचायला सांगितलं. हातातलं काम चालूच होतं. भाचीच्या झाडाला दाढी होती, कपाळाला आठ्या होत्या, आणि राजा समोर आला की ते चार पानं उपदेश करायचं. तीन कलमं बांधून होईपर्यंत आत्या निमूट ऐकत राहिली. मग तिने सांगून टाकलं, की हे झाड नव्हे, निवृत्त हेडमास्तर आहे; त्याला मुळं आहेत म्हणून ते बिचारं तिथे आहे, पण राजाला तर पाय आहेत, तो कशाला ऐकत उभा राहतो?

भाचीला राग आला. अशा गोष्टींत झाडं बोलतातच, चालतात, लढतातसुद्धा, ती म्हणाली. नाहीतर झाडाला अक्कल आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

आत्याने चाकू खाली ठेवला आणि तिला कुंपणाजवळच्या जुन्या गुलाबापाशी नेलं. झाड लाल फुलांनी लगडलं होतं. आत्याने खाली वाकून कलमाच्या सांध्याखालून निघालेला कोवळा फुटवा दाखवला. त्याची पानं वेगळीच होती, बारीक आणि फिकी.

“हा खालचा रानगुलाब. बावीस वर्षांपूर्वी मीच याचं डोकं छाटून वर लाल बसवला. तेव्हापासून दरवर्षी मी हा फुटवा खुडते आणि दरवर्षी तो पुन्हा येतो. वरच्याला मुकाट पाणी पाजतो, पण आपण कोण ते विसरत नाही. एकदा मी दोन महिने आजारी होते, तर तेवढ्यात पांढरी फुलं काढून मोकळा झाला. सांग, याला बोलायची काय गरज आहे?”

भाची उकिडवी बसली आणि सांध्याजवळची माती बोटाने उकरून बघू लागली. मग तिने विचारलं, फुटवा नेमका कुठून येतो?

“मी बघत नाही त्या बाजूने,” आत्या म्हणाली.

महिन्याभरात झाडाची दाढी गेली, तोंडही गेलं. नव्या गोष्टीत राजा जंगलातलं सगळ्यात जुनं झाड छाटून त्यावर आपल्या बागेतली फांदी बांधतो. झाड शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. राजाची माणसं दरवर्षी एक फुटवा खुडतात, आणि एका वर्षी विसरतात.

प्रकाशकाचं पत्र आलं तेव्हा सगळे जेवायला बसले होते. कादंबरी छापणार होते. असलं झाड आपण कुठेच वाचलं नव्हतं, हे सुचलं कसं, असंही त्याने विचारलं होतं.

“मी कळवलंय,” भाची म्हणाली, “की मला सुचलं नाही. आमच्या आत्याला माहीत होतं.”

आत्याचा भाऊ, म्हणजे भाचीचा बाप, जेवता जेवता थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने विचारलं, ताई, हे कलम बांधतात तरी कसं? सगळं सांगून होईपर्यंत आत्याने त्याला उठूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाजवळ गेली. सवयीने हात फुटव्याकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. महिन्याभराने फुटवा गुडघ्याएवढा झाला, तेव्हा मालकाने विचारलं, हा राहिला कसा?

“त्याला हात लावायचा नाही,” आत्या म्हणाली. “त्याचं पुस्तक येतंय.”