बडे बाबूंचा भात अन् पुलापर्यंतचं फिरणं

अबे पक्या, तो कॅरम सरकव बाजूले अन् पहिले ऐक! आज सकाळी भंडाऱ्यात काय झालं माहीत आहे? एसटीतून उतरून सरळ तुझ्याकडे येऊन राहिलो, घरी बॅगही ठेवली नाही.

नोकरी लागली अन् नागपूर सोडून भंडाऱ्याले गेलो, तेव्हा वाटलं बोअर होऊन मरतो आता. पण आमच्या ऑफिसात किस्से असे जमतात, जशी कपाटावर धूळ. कोणी आणत नाही, कोणी झटकत नाही, रोज एक थर वाढूनच राहते! अन् यंदा, ब्याऐंशी लागल्यापासून, सगळा माल एकाच माणसाचा. आमचे बडे बाबू, लांजेवार. मी त्यांच्याच घरी भाड्यानं राहतो, जेवतोही तिथंच. म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलेलं!

०००

डिसेंबरात बाबूंची शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "भात बंद."

आता बाबू मूळचे सिहोऱ्याचे. घरचं धान, दोन्ही टाइम भात. पोळी त्यांच्या घरी कोणी पाहुणा आला तरच होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, भात बंद म्हणजे जेवणच बंद. मंग जेवणानंतरची गोळी कायच्यानंतर घेऊ?"

डॉक्टर थोडे नरमले. "बरं, सकाळी एक वाटी खा. पण रोज पायदल फिराचं."

बाबूंची बायको, आमच्या काकू, सोबतच होत्या. त्यांनी तिथंच फैसला दिला. "नवीन वर्षापासून वैनगंगेच्या पुलापर्यंत पायदल जाऊन या, तं ताटात भात. नाही तं पोळी अन् कारलं!"

घरी येऊन बाबू मले म्हणतात, "ऐकली का शिक्षा? अबे, जेलातही भात भेटते!"

०००

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. आमच्या साहेबांले मीटिंग घ्याले निमित्तच पाहिजे.

"बाबू, टार्गेट रिअलिस्टिक पाहिजे. एकदम पूल? उद्या जमलं नाही तं उत्तर कोण देणार? 'पुलापर्यंत' नका ठेवू, 'पुलाच्या दिशेनं' ठेवा. मंग अंगणात उतरलं तरी काम प्रगतीवर!"

बाबू खूश! घरी जाऊन काकूंले मोठ्या ऐटीत सांगितलं.

काकू म्हणाल्या, "ठीक आहे. मीही भात ताटाच्या दिशेनं ठेवीन!"

०००

एक तारखेले साहेब म्हणाले, सगळं ऑफिस बाबूंसंग चालणार. पहाटे सगळे हजर. मफलर, कानटोप्या, गभने टायपिस्ट तं काठी घेऊन आला कुत्र्यांसाठी.

साहेबांनी नारळ फोडला. मंग आरोग्यावर भाषण. मंग गभनेनं आभार मानले. मंग पोहे आले, त्याच्यावर चण्याची तर्री. मंग कोणीतरी घड्याळ पाह्यलं, तं ऑफिसचा टाइम!

साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "सुरुवात चांगली झाली!"

त्या दिवशी बाबूंनी पोळी खाल्ली. कारल्यासंग.

०००

मंग बाबूंनी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. आणले तं आणले, रोज संध्याकाळी धुवाचे, वरून खडूचं पांढरं लावाचं. थंडीत बूट वाळते का कधी? सकाळी पाहावं तं ओलेच.

काकूंनी विचारलं, "आज काहून नाही गेले?"

"बूट वाळले नाही. ओल्या बुटानं ताप आला तं फिरणं कोण करन, तू?"

पोळी!

०००

चौथ्या दिवशी काकूंनी बूट चुलीजवळ वाळवून हातात दिले. निघाले बाबू. पण पक्या, भंडाऱ्यात ओळखीच्या माणसाले कोणी पायदल जाऊ देत नाही बे!

पहिलाच सायकलवाला थांबला. "बाबूजी! पायदल? सायकल चोरी गेली का?"

"नाही, फिरून राहिलो."

"फिरून कायले राहिले? बसा मागं!"

नाही म्हटलं की समोरच्याले राग. "काहून, आमच्या कॅरियरवर बसाले लाज वाटते का?" एकानं सोडलं की दुसरा उचलते. बाबू घरी येऊन म्हणतात, "रोज पुलापर्यंत जातो, पण जमीन काही लागून नाही राहिली!"

अन् ऐक ना, बडे बाबू पहाटे पायदल घर सोडून जातात, ही बातमी पार दिघोरीले त्यांच्या बहिणीपर्यंत गेली. ती रडत रडत नवऱ्याले घेऊन हजर. "वहिनी, काय भांडण झालं ते मले सांग, पण दादाले घरात घे!"

पाहुणे आले म्हणून काकूंले पोळ्या लाटा लागल्या. बाबूंले पाहुण्यांच्याही पोळ्या!

०००

आता आजचं. काल सिहोऱ्याहून नवा चिन्नोर आला. अबे, तो तांदूळ शिजते तं वास गल्लीच्या टोकापर्यंत येते! पंधरा दिवस भाताचं शीत न खाल्लेला माणूस, पोतं सुटताना पाहून डोळे मिटून उभा होता.

काकू मले म्हणाल्या, "उद्या तू जा यांच्यासंग. जाता-येता पायदल आले, तरच नवा भात. तू खोटं बोलत नाही म्हणून तुले सांगून राहिली."

आज बाबू असे चालले म्हणून सांगू! सायकलवाले थांबले, बाबूंनी हात जोडले. एक जण रुसला, तरी नाही बसले. हाफत हाफत पूल गाठला, कठड्याले हात लावला, अन् माह्याकडे पाहून म्हणतात, "पाह्यलं का बे!" खरं सांगतो, माहे डोळे भरून आले.

परत फिरलो. अर्ध्या रस्त्यात एक स्कूटर थांबली. डॉक्टर!

"अरे बाबू, बसा, घरी सोडतो."

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच तं चालाले सांगितलं!"

"सांगितलं ना. पण मी स्कूटरवर अन् माझा पेशंट पायदल? लोक काय म्हणतील मले? बसा!"

बाबूंनी माह्याकडे पाह्यलं. मंग स्कूटरकडे. अन् बसले!

मी धावत पळत गल्लीत आलो, तं बाबू कोपऱ्यावर उभे. "संगच जाऊ आत," म्हणतात. ओसरीत पाय ठेवला, तं डॉक्टर आधीच खुर्चीवर. वासानं आत ओढलं होतं त्यांले. दोन ताटं मांडलेली.

काकूंच्या हातात भाताच्या गंजाचं झाकण. डॉक्टर गडबडीनं म्हणाले, "वहिनी, बाबू घामानं ओले झाले पाहा!"

"तुम्ही थांबा, डॉक्टरसाहेब. हा पोरगा म्हणन ते खरं." काकू माह्याकडे वळल्या. "सांग रे बाबा. पुलापासून घरापर्यंत पायदल आले का? वाढू का उचलू?"

बाबू छताकडे पाहून राहिले. डॉक्टर माह्याकडे. झाकणाखालून वाफ येऊन राहिली...

सांग पक्या, तू असता तं काय केलं असतं?