कालव्यात अडकले आणि पोरगी निघून गेली

बायांनो, आज मी कोवलमजवळच्या कालव्यात चार तास अडकले. चूक माझीच.

पोरगी दुपारच्या गाडीने पुण्याला नोकरीला चालली होती. डब्याला सुरमई द्यावी म्हणून सकाळीच मासे आणायला गेले. येताना रस्ता बंद. होडीवाल्या म्हाताऱ्याला म्हटलं, पुढच्या पुलाशी सोड.

तो म्हणाला, "अम्मा, ओहोटी आहे. भरती येऊ दे."

"तुला नसेल घाई, मला आहे. चल."

दोन उंच दगडी भिंतींमध्ये होडी चिखलात रुतली. पुढे जाईना, मागेही येईना. मी त्याच्यावरच ओरडले.

तो बिडी ओढत म्हणाला, पूर्वी इथे दोन्ही टोकांना दारं होती. मिठाच्या, सरपणाच्या होड्या आत आल्या की मागचं दार लावायचे, आतलं पाणी पुढच्या पाण्याच्या पातळीला आलं की पुढचं उघडायचे. त्याचा आजाच दारं सांभाळायचा. "दारं गेली, अम्मा. आता पाणी अडत नाही."

तेवढ्यात पोरीचा फोन. "आई, निघते गं. बाबा येतायत स्टेशनवर."

"अगं, डबा?"

"राहू दे. चिडू नकोस."

परक्या गावी एकटी कशी राहशील म्हणून दोन वर्षं मीच तिला अडवलं होतं. आज जा म्हटलं, तर निरोपाला मीच घरात नव्हते. फोनवर नुसतं "नीट जा" म्हणाले. भरती आली तेव्हा होडी सुटली, घरी पोचले तर गाडी कधीच गेली होती.

तुमच्या पोरी गेल्या तेव्हा तुम्ही काय बोललात? अजून काहीतरी बोलायचं असतं ना? सांगा, गाडी पुण्याला पोचायच्या आत फोन करते.