आठवा फर्मा

या ग्रुपवर मी तीन वर्षांपासून आहे आणि खरं सांगायचं तर फक्त हसायला आहे. कुणाला वडाखाली पांढरी बाई दिसते, कुणाची बाइक अमुक वळणावरच बंद पडते... पडणारच, सर्व्हिसिंग केली होती का कधी? आणि खाली शंभर जण लिहिणार, 'अंगावर काटा आला.' असल्या उठसूट काटा येणाऱ्या अंगांचा मला तिटकारा आहे. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

हिंगोलीत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, एक दार, एक खिडकी, खिडकीला गज. वडिलांनी टाकलेलं. रजिस्टरं, हजेरीपट, कुणाच्या घरची जुनी पोथी असं काय काय येतं. हाताने शिलाई करणारा या भागात मी शेवटचाच. म्हणजे अजून एक होता, माझा थोरला भाऊ, पण तो आखाडा बाळापूरला झेरॉक्सचं दुकान टाकून बसला. स्पायरल करतो. पानांना भोकं पाडायची, प्लास्टिकचं वेटोळं घुसवायचं, आणि याला तो बाइंडिंग म्हणतो!

वडिलांच्या तेराव्यालाच आमचं बिनसलं. कारण शिकंजा. शिकंजा म्हणजे पुस्तक आवळून धरायचं सागवानी यंत्र, आमच्या आजोबांपासूनचं. दादा म्हणाला, मी थोरला. मी म्हटलं, दुकान मी चालवतो. आणि पाहुण्यांदेखत तो घरातून उचलून मी दुकानात आणला. त्यानंतर अकरा वर्षं बोलणं बंद.

यंदा फेब्रुवारीत पुण्याचे एक गृहस्थ आले. संग्राहक! गाडीतून उतरले, पांढरे हातमोजे घातले आणि पिशवीतून एक पातळ, काळं पुस्तक असं काढलं की जणू बाळंतिणीने लेकरू दाखवावं. निजामाच्या काळात इथे गोऱ्या अफसरांची छावणी होती, हे हिंगोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अफसरांची म्हणे एक बंद दाराआडची मंडळी होती. तिला लॉज म्हणायचे. सभासद एकमेकांना 'भाऊ' म्हणत आणि बाहेरची माणसं त्यांच्या बैठकीच्या घराला जादूघर म्हणत. हे त्या लॉजच्या नियमांचं पुस्तक, अगदी सुरुवातीच्या काळात छापलेलं.

"जगात दोन-तीनच प्रती असतील हो," गृहस्थ कुजबुजले.

"मोठ्यानं बोला साहेब," मी म्हटलं, "ते सगळे मेलेत."

पुस्तकाची शिलाई गेली होती, पाठ कुजली होती. एकूण आठ फर्मे. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांची जुडी — एक फर्मा दुसऱ्याला शिवत जायचं आणि प्रत्येकाच्या शेवटी गाठ मारायची. आत काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही. वडिलांचा दंडकच होता, बाइंडरने हातातलं पुस्तक वाचायचं नाही. डोळा ओळीत गेला की सुई वाकडी जाते.

पहिल्या दिवशी दोन फर्मे शिवले. पुस्तक शिकंज्यात आवळलं, एक वाजता कुलूप लावलं, घरी जेवलो, झोपलो. चार वाजता येऊन पाहतो तर सात फर्मे शिवलेले.

आणि गाठी उलट्या.

हे नीट सांगायला हवं. दादा डावखुरा. गाठ मारल्यावर त्याच्या दोऱ्याचं शेपूट वर जातं, माझं खाली. त्या एका गाठीपायी त्याने वडिलांच्या पट्टीचा किती मार खाल्ला, पण गाठ काही सुलटी झाली नाही. पुस्तकात पहिल्या दोन गाठी माझ्या होत्या. पुढच्या पाचही गाठींची शेपटं वर.

तुम्ही असता तर लिंबू-मिरची आणायला पळाला असता. माझं डोकं फिरलं. दुकानाची एक जुनी किल्ली दादाकडे राहिली होती. म्हणजे हा चाळीस किलोमीटरवरून येतो, माझ्या दुकानात घुसतो आणि माझ्या कामाला हात लावतो? चोर लेकाचा! मी आठवा फर्मा स्वतः शिवला, आणि संध्याकाळी नवं कुलूप आणलं.

दुसऱ्या दिवशी जेवून आलो तर आठवा फर्मा सुटलेला. दोरा कापलेला नव्हता. गाठ सोडवून, गुंडाळून बाजूला ठेवला होता, वडील ठेवायचे तसा. मी परत शिवला. तिसऱ्या दिवशी परत तेच.

नव्या कुलपाचं काय, असं तुम्ही विचाराल. मी स्वतःला विचारलं नाही, कारण मला भांडायचं होतं. पुरावा म्हणून गाठींचा आणि त्या सुटलेल्या फर्म्याचा एकेक फोटो काढला आणि कळमनुरीमार्गे नांदेडला जाणारी एसटी पकडली.

बाळापूरला दादा दुकानाबाहेरच्या बाकावर बसला होता. शिव्या वाटेतच जुळवून ठेवल्या होत्या. तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. हात मांडीवर होता, पण दुसऱ्याच कुणीतरी आणून ठेवल्यासारखा.

आतून पूजा आली. दादाची मुलगी, आता दुकान तीच बघते.

"काका, लकवा मारला बाबाला. पाच महिने झाले. मी फोन केल्ता तुमाला."

केला होता. नंबर अनोळखी होता म्हणून उचलला नाही, असं मी लोकांना सांगतो. नंबर ओळखीचा होता.

"काहून आलास?" दादाने विचारलं. तोंड जरा वाकडं झालं होतं, पण मला कमी लेखणारा आवाज तोच.

मी शेजारी बसून मोबाइल त्याच्यापुढे धरला. "ह्या गाठी कोणाच्या?"

त्याने मान पुढे काढून बघितलं. "माझ्याच हायेत."

"कधी मारल्यास?"

"ते तूच सांग. मी संडासला बी पोरीच्या खांद्यावर जाऊन राहिलो."

पूजाने मोबाइल घेतला, पुढचा फोटो मोठा केला. तो सुटलेल्या आठव्या फर्म्याचा होता. ती इंग्रजी वाचते. "काका, काय पुस्तक हाय हे? ह्याच्यात लिहिलंय, दोन भावांचं वाकडं असलं तर त्यायनं संगं आत यायचं न्हाई. दाराभायेर थांबायचं, तिथंच मिटवायचं, मंग आत यायचं. न्हाई मिटलं तर काम बंद."

भावाभावांनी बोलावं म्हणून गोऱ्या साहेबांना नियम छापावा लागला होता! एरवी मी यावर आठवडाभर हसलो असतो. पण आम्ही दोघं दाराबाहेरच बसलो होतो, आणि मला हसू आलं नाही.

दादा म्हणाला, "शिकंज्याला तेल देतू का?"

"देतो."

"कोणतं?"

"मशीनचं."

"गाढवा, लाकडाला जवसाचं द्यायचं असते. बापानं सांगितल्तं की."

तिथे मी रडलो. भर बाजारात, पंचावन्न वर्षांचा माणूस. "दादा, मी तो न्यायला नको होता."

"व्हय. न्हाईच न्यायचा व्हता," दादा म्हणाला. मग उजव्या हाताने माझा खांदा धरून उठला. "चल आत. पूजा चहा करती."

दुसऱ्या दिवशी शिकंजा टेम्पोत घालून बाळापूरला नेला. पुस्तकही नेलं. शिवताना ते सरकू नये म्हणून वर दाब लागतो. मी दादाचा डावा हात उचलून पुस्तकावर ठेवला. जड होता, गार होता. आठवा फर्मा शिवून मी माझी गाठ मारली, शेपूट खाली. ती आजवर सुटलेली नाही.

मे महिन्यात गृहस्थ पुस्तक घेऊन गेले. पाच गाठी उलट्या आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. हातमोजे मात्र होते.

दादाचा हात बरा झाला का, हे कमेंटमध्ये विचारू नका. झाला नाही. होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. त्या पाच गाठी कुणी मारल्या, नव्या कुलपाआड कोण आलं, मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनी मला मेसेज करू नये, विशेषतः मंत्र पाठवणाऱ्यांनी.

शिकंजा आता बाळापूरलाच असतो. पुस्तकं आवळायची असली की मी तिकडे जातो. दादा मला त्याची उलटी गाठ शिकवतो, मला ती जमत नाही, मग तो मला गाढव म्हणतो. मी त्याच्या स्पायरलला नावं ठेवतो. अकरा वर्षं ठेवतच होतो म्हणा, फक्त ऐकायला तो समोर नव्हता.