लेक बर्फावर पडली तेव्हा
ओल्या चामड्याचा आंबूस वास आला की मला सिंगापूरच्या जुरोंग ईस्ट भागातल्या मॉलमधली बर्फाची रिंक आठवते. माझी शाळकरी लेक तिथे घामाने भिजलेले चामडी हातमोजे घालून आइस हॉकी खेळायची, धडक घेत पुढे घुसणारी फॉरवर्ड म्हणून. एका मॅचमध्ये कुणीतरी तिला कडेच्या फळीवर आदळलं आणि ती पडली ती उठेचना. मी काचेमागून धावत खेळाडूंच्या बाकापाशी गेले. अखेर ती गुडघ्यावर रेलत उठली, ओठाचं रक्त बाहीला पुसत बाकाकडे आली. मी म्हटलं, "पुरे आता, घरी चल." ती म्हणाली, "कॅन लाह आई, जमेल मला, खेळते मी," आणि पुन्हा बर्फावर उतरली. आता ती परदेशात व्यावसायिक संघातून खेळते. मॅच लागली की नवरा टीव्हीसमोर बसतो आणि मी स्वयंपाकघरातून विचारत राहते, "उभी आहे ना?"