'स' गिळणारी नणंद

माझी नणंद स्पॅनिश बोलते तेव्हा निम्मे 'स' गिळून टाकते. पेस्कादो म्हणजे मासा. ती म्हणते पेहकाओ. 'मास ओ मेनोस', म्हणजे कमी-जास्त, हिच्या तोंडी 'माह ओ मेनो'. नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं चिलीत राहिली, तिथल्या शेजारणींशी गप्पा मारता मारता शिकली. व्याकरणाच्या नावानं बोंब! आणि मी? इंदूरच्या क्लासला बसनं हेलपाटे घातले, माद्रिदची रेकॉर्डिंगं ऐकत, जीभ दातांत धरून 'ग्राथिआस', म्हणजे धन्यवाद, घोटलं.

ती माहेरी, म्हणजे माधव नगरला आमच्याकडे आली आणि नेमका तेव्हाच टावर चौकातल्या ट्रॅव्हल एजंटकडे चिलीचा ग्रुप आला. एजंटला स्पॅनिशसाठी कायमची गाइड हवी होती. काम मलाच मिळणार, असं मी गल्लीभर सांगून ठेवलेलं. तर ही म्हणते, "वहिनी, मी पण येऊ?" एजंट खूश. "चलो, दोघी या! सकाळी मंदिर तुम्ही दाखवा, संध्याकाळी घाट यांनी. लोकांना जी आवडेल, ती पक्की." माझं पित्तच खवळलं.

सकाळी महाकाळाची सगळी कथा मी बिनचूक सांगितली. लोक माना डोलवत होते. मला उत्तर द्यायचे ते मात्र सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बालवाडीतल्या पोराला समजावल्यासारखं.

संध्याकाळी घाटावर हिनं तोंड उघडलं आणि एका म्हातारीनं किंचाळून हिचा दंडच धरला. मग काय, सगळे हिच्याभोवती! कुठल्या गल्लीत राहायचीस, पाव कुठून आणायचीस, सगळं एकदम आणि 'स' गिळत, इतकं भराभर की निम्मं माझ्या डोक्यावरून जात होतं. क्षिप्रेची आरती राहिली बाजूला. मी जळत होते. हो, जळतच होते, लपवू कशाला?

हिला बाजूला ओढून म्हटलं, "अगं, जरा नीट बोल ना. काय म्हणतील लोक?"

"वहिनी, हे लोकच तर असं बोलतात!"

आमच्या इकडच्या मराठीतल्या 'मी येऊन राहिली'ला पुण्याचे नातेवाईक हसले की मीच त्यांच्याशी कडाकडा भांडते. त्या संध्याकाळी ते काही आठवलं नाही.

निरोपाच्या वेळी म्हातारी हिला चांगली रागावली. किती वाळकी तू, चिलीला परत कधी येतेस, फोन करत जा म्हणे! जशी काही हिची मावशीच. मग माझे हात हातात घेऊन, सकाळसारखंच एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुम्ही स्पॅनिश फार छान बोलता." हे ऐकायला मी केवढी आसुसले होते. एजंटनं तेवढ्यात नणंदेचा नंबर घेतलासुद्धा. पुढचा ग्रुप तिचा.

घरी येताना ऑटोत ही गाल फुगवून बसलेली.

"तुझं बरंय बाई, वहिनी. तुझी केवढी तारीफ केली त्यांनी. माझ्या स्पॅनिशबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही."

"गप बस," मी म्हटलं आणि तोंड रस्त्याकडे वळवलं.