शेंग हातातच राहिली
भुईमुगाची शेंग फोडली की टरफलाचा कोरडा, मातकट वास येतो आणि मला येळ्ळूरच्या आमच्या घराचा सोपा आठवतो. यंत्रात दाणे चिरतात म्हणून बियाण्याच्या शेंगा आई सगळ्यांना बसवून हातानंच फोडून घ्यायची. त्या दुपारी शेंगा फोडता फोडता थोरल्या भावाचं, अण्णाचं, आणि माझं पियानोवरून भांडण चाललं होतं. एका फ्रेंच संगीतकाराची, पाण्यावर ऊन हलावं तशी रचना आम्ही दोन वादकांकडून ऐकलेली. अण्णाला एका तरुणाचं चपळ वादन आवडायचं, मला एका म्हाताऱ्या बाईचं संथ. फोनवर आधी त्याचं लावलं. सगळ्यांचे हात भराभर चालले, सूप भरलं. "बघ," अण्णा म्हणाला. मग माझं लावलं. सूर पसरत गेले तसा शेंगांचा कडकड आवाज विरळ होत थांबला. आई म्हणाली, "बंद कर रं ते, ह्या बाईच्या नादानं पेरणी ऱ्हायाची." मी अण्णाकडं बघितलं. त्याच्या बोटांत शेंग तशीच होती. "ऱ्हाऊ दे गं आई," तो म्हणाला, "संपू दे." आता घरात चांगले स्पीकर आहेत, पण दोन वादनांतलं एक निवडायचं झालं की मी आधी मूठभर शेंगा घेऊन बसतो.