‘सगळं ठीक’ म्हणणारीला दुप्पट वाल

आमच्या पर्यवेक्षिका बाई तपासणीला आल्या की हजेरीपटाच्या आधी परात मागायच्या. पिशवीतून मोड आलेले वाल काढून परातीत ओतायच्या, वर कोमट पाणी घालायच्या आणि आम्हाला भोवती बसवायच्या. “हात गुंतले की तोंड सुटतं,” असं त्यांचं म्हणणं.

मनोरजवळच्या मुलींच्या वसतिगृहात मी तेव्हा अधीक्षिका होते. वय चोवीस, रुबाब पन्नाशीचा. दर शनिवारी दुपारी बाई पालघरहून एसटीने यायच्या; वाल त्यांच्या पालघरजवळच्याच माहीम गावच्या घरचे. मी आणि स्वयंपाकीण बेबीताईने आठवडाभरात मुलींशी वागताना काय चुकलं, काय खुपलं, ते सोलता सोलता सांगायचं. जी ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल तिला दुप्पट वाल. पहिले दोन महिने माझ्या खोटेपणावर अख्खं वसतिगृह रविवारी वालाचं बिरडं जेवत होतं.

बाई सुरुवात स्वतःपासून करायच्या. “परवा एका बाईवर मी ओरडले. चूक तिची नव्हती, माझी चप्पल चावत होती.” एवढं बोलून त्या वाल असा दाबायच्या की तो सालातून सुटून थेट बेबीताईच्या अंबाड्यात जायचा.

एकदा जिल्ह्याचे साहेब पाहणीला आले आणि कौतुकाने लखमीच्या गादीवर बसले. लखमी आठ वर्षांची, डोंगरातल्या पाड्यावरची. साहेब बसले, थांबले, आणि मग असे उठले की मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाच आहे. उशीखाली भाकरीचे तुकडे होते आणि तुकड्यांना मुंग्या. साहेब गेल्यावर मी लखमीला थोबाडीत दिली. ती बोलायचीच बंद झाली. मी तिचं नाव कमी करण्याचा अर्ज लिहून ठेवला. नाव गेलं असतं तर दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी बाईंनी अर्ज वाचला, परातीशेजारी पसरला आणि त्यावर सालं टाकू लागल्या.

“मुंग्या साहेबांना चावल्या. तुला कुठे झोंबलं?”

“सगळं ठीक आहे,” मी म्हणाले. बाईंनी वालाचा ढीग माझ्याकडे सरकवला. तो निम्मा झाला तेव्हा मला रडू फुटलं. साहेबांसमोर माझं हसं झालं होतं आणि त्याचा राग मी त्या एवढ्याशा गालावर काढला होता. मला माझीच लाज वाटली.

“आता तिला विचार, भाकरी का ठेवते,” बाई म्हणाल्या. हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

मी लखमीला परातीपाशी बोलावलं, आधी माफी मागितली, मग विचारलं. तिने चार वाल सोलले आणि पुटपुटली, “उद्या नाय मिळाली तं?”

बेबीताई तडक उठली. घट्ट झाकणाचा, कुलूप लावलेला डबा आणून म्हणाली, “ही तुजी भाकरी. चावीपण तुज्याकडंच ठेव. मना पायजे तं मी तुला विचारीन.” दोनच आठवड्यांत लखमी त्या डब्यातून बेबीताईलाच तुकडे वाटू लागली. अर्जाचा तोवर लगदा झाला होता.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाला तेच साहेब आले. खुर्चीची गादी उचलून, खाली बघून मगच बसले. शाल झाली, नारळ झाला. मी विचारलं, “बाई, कसं वाटतंय?”

“सगळं ठीक आहे.”

मी परात पुढे केली. दुप्पट वाल. बाई खळखळून हसल्या, शाल खोचली आणि साहेबांदेखत जमिनीवर बसल्या. मूठभर सोलून झाल्यावर त्यांचे हात थांबले आणि त्या घरच्या बोलीत म्हणाल्या,

“ठीक नाय गं. आता घरी मी कोनासंगती सोलू?”

मी त्यांच्यासमोर बसले आणि परातीत हात घातला.